मावशींच्या कडेवरचं विज्ञान

तान्ह्या बाळाची लाळ पुसणं हे घरातलं सगळ्यात बिनमहत्त्वाचं काम. लाळेरं बदलायचं, हनुवटी पुसायची, की पाच मिनिटांत पुन्हा तेच. पण मिनेसोटा विद्यापीठातल्या मेगन गनार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही लाळ जपून गोळा केली आणि तपासली. १९९२ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा तो अभ्यास मी पहिल्यांदा वाचला, तेव्हा बराच वेळ पुढचं पान उलटलं नव्हतं.

प्रयोग असा. नऊ महिन्यांची बाळं. आई अर्धा तास खोलीबाहेर जाणार आणि तोवर बाळ एका परक्या बाईपाशी राहणार. काही बाळांच्या वाट्याला आलेली बाई आपल्या कामात दंग असे. बाळ रडलं की उठायची, त्याला शांत करायची आणि परत कामाला लागायची. दुसऱ्या बाळांजवळची बाई त्यांच्याशी खेळायची, बोलायची, त्यांनी पाहिलं की हसून उत्तर द्यायची. अर्धा तास झाल्यावर लाळेतलं कॉर्टिसॉल मोजलं. शरीरावर ताण आला की वाढणारं हे संप्रेरक. कामात दंग असलेल्या बाईजवळच्या बाळांमध्ये ते चढलेलं होतं. खेळणाऱ्या बाईजवळच्या बाळांमध्ये मात्र चढलं नव्हतं.

आई दोन्हीकडे सारखीच गेलेली होती, दार सारखंच बंद झालं होतं. आणि पहिली बाई काही वाईट नव्हती. ओरडली नाही, चिमटा काढला नाही, रडल्यावर उचलून घेतलं. आपल्यातल्या बहुतेकांनी तिला कामावर ठेवलं असतं आणि शेजारणीला सांगितलं असतं, ‘बाई चांगली मिळाली हो.’ तरीही त्या बाळांच्या अंगात अर्ध्या तासात ताण साचला. बोलता न येणारा, स्वतःच्या पायावर उभा न राहणारा तो जीव समोरच्या माणसाचं अवधान इतक्या बारकाईनं तोलत होता.

मूल मावशींकडे सोपवून कामाला निघणाऱ्या प्रत्येक आईच्या पोटात गोळा येतो, तो ‘आपण नसणार’ याचा. बाळाच्या लाळेनं दिलेलं उत्तर वेगळ्याच दिशेनं जातं. ‘तुम्ही नसताना जी असेल, तिचं लक्ष कुठे असेल?’ असं ती विचारते. आणि मावशींचं लक्ष कुठे असेल हे पुष्कळसं आपण त्यांच्याशी कसे वागतो यावर ठरतं.

त्याआधी वेळापत्रकाची एक गंमत पाहू. आपल्याकडे २०१७ च्या दुरुस्तीनंतर नोकरदार आईला पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, त्यातले आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. म्हणजे आई कामावर रुजू होते तेव्हा बाळ चार ते सहा महिन्यांचं असतं. हे वय म्हणजे देवमाणूस. लिफ्टमधले काका, इस्त्रीवाला, वरच्या मजल्यावरच्या आजी, कोणीही हात पुढे केले की स्वारी गेली. मावशी याच वयात येतात. बाळ पहिल्याच दिवशी त्यांच्याकडे झेपावतं, सगळे सुटकेचा श्वास टाकतात आणि दोन-तीन महिने छान जातात. मग एके सकाळी आई पायात चप्पल सरकवते आणि तेच बाळ असा आकांत करतं, की आजूबाजूची दारं उघडतात.

आईच्या मनात येतं, मावशींनी काही केलं तर नसेल ना? मावशींच्या मनात येतं, आता बाईसाहेबांना वाटणार मीच काही केलं. दोघी एकमेकींकडे बघत नाहीत. आणि घडलेलं असतं ते बाळाच्या डोक्यात. सात-आठ महिन्यांच्या सुमारास त्याला उमगू लागतं, की दिसेनाशी झालेली गोष्टही कुठेतरी असतेच. जाँ प्याजे या स्विस मानसशास्त्रज्ञानं दाखवलेला साधा प्रयोग घरीही करता येतो. पाच महिन्यांच्या बाळासमोर खुळखुळ्यावर रुमाल टाका, बाळ दुसरीकडे बघू लागतं. नऊ महिन्यांचं बाळ रुमाल ओढतं. (पुढच्या संशोधकांचं म्हणणं, ही समज त्याआधीच येते, हातानं ती दाखवायला वेळ लागतो.) आता हेच आईला लावून पाहा. पूर्वी आई दाराबाहेर गेली की विषय संपत होता. आता ती दाराबाहेर आहे, म्हणजे कुठेतरी आहे, आणि इथे मात्र नाही. एवढा मोठा शोध लागल्यावर कोण गप्प बसेल? पदराआडून ‘कुकूक’ करण्याचा खेळ नेमका याच महिन्यांत बाळांना वेड लावतो. ज्या शोधानं सकाळी रडवलं, तोच दुपारी खदखदून हसवतो. हे रडणं साधारण दहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान शिगेला पोचतं आणि मग ओसरतं.

एवढं जरी आधी माहीत असलं, तरी कितीतरी चांगल्या मावशी कामावरून जायच्या वाचतील. आणि एक व्यवहाराची गोष्ट. रजा संपण्याच्या आदल्या दिवशी मावशींना बोलावू नये. दोन-तीन आठवडे आधीपासून त्या यायला लागल्या आणि आई घरात असतानाच अंघोळ, मालिश, दुपारची पेज हे सगळं त्यांच्या हातानं होऊ लागलं, की बाळाला त्यांचा वास, आवाज, पकड सवयीची होते.

पण मुळात दुसऱ्याच्या हाती मूल देणं हेच निसर्गाच्या विरुद्ध नाही का? आयांना छळणारा हा प्रश्न जरा दूरच्या पल्ल्यावरून पाहू.

चिंपांझीची मादी आपलं पिल्लू पहिले काही महिने दुसऱ्या कुणाला हातही लावू देत नाही. ओरांगउटानचंही तेच. माणसाची आई मात्र जन्मल्या जन्मल्या बाळ सुईणीच्या हाती देते, मग आजीच्या, मग आत्याच्या, आणि बारशाच्या दिवशी तर बाळ अख्ख्या दिवाणखान्यात फिरून येतं. सॅरा ब्लॅफर हर्डी या मानववंशशास्त्रज्ञ विदुषीनं २००९ च्या आपल्या ‘मदर्स अँड अदर्स’ या पुस्तकात या फरकाचाच पाठपुरावा केला आहे. त्या एक आकडा देतात. माणसाचं मूल जन्मापासून स्वतःच्या पायावर उभं राहीपर्यंत सुमारे १ कोटी ३० लाख कॅलरी खातं. रानात कंद खणून, फळं वेचून एवढं अन्न एकटी आई कधीच गोळा करू शकली नसती. म्हणजे आपण इतरांनी सांभाळल्यामुळे टिकलेला प्राणी आहोत. हर्डी पुढे जाऊन म्हणतात, अनेकांच्या हाती वाढायचं तर कुणाच्या मनात काय चाललंय हे बाळाला ओळखावंच लागणार. माणसाला दुसऱ्याचं मन वाचता येतं, त्याचं मूळ त्या यात शोधतात.

काँगोच्या इतुरी अरण्यातल्या एफे लोकांमध्ये एडवर्ड ट्रॉनिक आणि गिल्डा मोरेली यांनी बाळांची दिनचर्या नोंदवली. अठरा आठवड्यांचं बाळ दिवसाचा निम्म्याहून अधिक वेळ आईशिवाय इतरांजवळ असायचं. सांभाळणारी माणसं सरासरी चौदा! वेळ पडली तर दुसऱ्या बायका अंगावरही पाजायच्या.

अंगावर पाजणारी दुसरी आई आपल्या इतिहासातही आहेच. पुरंदरावर १४ मे १६५७ ला संभाजीराजे जन्मले. सईबाईंची प्रकृती साथ देईना, तेव्हा गडाजवळच्या कापूरहोळ गावच्या धाराऊ गाडे बाळराजांच्या दूधआई झाल्या. दोन वर्षांनी सईबाई गेल्या. पुणे-सातारा रस्त्यावरून आपण कापूरहोळ मागे टाकतो ते बहुधा बालाजीच्या देवळाकडे वळायचं की नाही, या विचारात. पण छत्रपतींच्या घरानं एका गावकरी बाईच्या कुशीवर विश्वास टाकला आणि साडेतीनशे वर्षांनंतरही तिचं नाव पुसलेलं नाही, ही साधी गोष्ट नव्हे.

आता एक विलक्षण योगायोग. आई आणि बाळ यांच्या बंधाचा सिद्धांत ज्यांनी मांडला, ते ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी स्वतः एका आयाच्या हातचे. जन्म १९०७, लंडनच्या सुखवस्तू घरातला. तिथल्या रिवाजाप्रमाणे आई दिवसातून तासाभरासाठी भेटायची, चहानंतर. बाकी सगळा दिवस मिनी नावाच्या त्या आयाचा. बोल्बी जेमतेम चार वर्षांचे असताना मिनी नोकरी सोडून गेली. पुढे आयुष्यात त्यांनी हे जाणं आई गमावण्यासारखंच असल्याचं सांगितलं. १९५१ साली त्यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालावरून पुढे दोन पिढ्यांच्या नोकरदार आयांना अपराधी वाटत राहिलं. आई जवळ नसेल तर मुलाचं नुकसान होतं, असं त्यातून घराघरांत ऐकलं गेलं. मला तर वाटतं, तो सिद्धांत चार वर्षांच्या एका मुलाची मिनीसाठीची हाक म्हणून वाचला, तर त्यातून आणखीही काही ऐकू येतं. जिच्यावर जीव जडला ती अचानक नाहीशी होऊ नये. ती जन्मदात्री असो वा पगारी.

मग मावशींवर जीव जडला तर आईवरचा कमी होतो का? इथे इस्रायलमधल्या किबुत्झची माहिती फार मोलाची ठरली. या सामुदायिक शेतीवसाहतींत मुलांना दिवसभर ‘मेटापेलेट’ सांभाळायची, म्हणजे तिथल्या मावशीच. आव्राहम सागी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिलं, की बाळाचं आईशी, वडिलांशी आणि मेटापेलेटशी जमलेलं नातं वेगवेगळं असतं, एकावरून दुसरं सांगता येत नाही. प्रत्येक माणसाचं बाळाकडे स्वतंत्र पासबुक, एकात भरणा झाला म्हणून दुसऱ्यातली शिल्लक घटत नाही.

त्यांचं १९९४ सालचं काम तर अधिकच बोलकं. काही किबुत्झमध्ये मुलं रात्रीही सामुदायिक बालगृहात झोपत, काहींमध्ये रात्री घरी येत. दिवसाची व्यवस्था दोन्हीकडे सारखीच. घरी झोपणाऱ्या मुलांपैकी ८० टक्के मुलांचं आईशी नातं सुरक्षित आढळलं, बालगृहात झोपणाऱ्यांपैकी ४८ टक्के मुलांचं. फरक दिवसानं पडला नव्हता. तो रात्रीनं पडला, म्हणजे अंधारात दचकून जागं झाल्यावर ओळखीचं कुणी येत नव्हतं त्यानं. दमूनभागून घरी येणाऱ्या आईबाबांनी हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. संध्याकाळ आणि रात्र तुमच्या हातात आहे, आणि ती फार मोठी ठेव आहे.

अमेरिकेत १९९१ पासून दहा ठिकाणच्या १,३००हून अधिक मुलांचा माग काढणाऱ्या मोठ्या सरकारी अभ्यासातही हेच निघालं. केवळ दुसऱ्या कुणी सांभाळल्यानं आईशी नातं बिघडत नाही. बिघाडाची शक्यता वाढते ती अनेक धागे एकत्र आले की. आईलाच बाळाच्या खाणाखुणा कळत नाहीत आणि जोडीला सांभाळणाराही बेपर्वा आहे, किंवा सांभाळणारी व्यवस्था सारखी बदलतेय, असं झालं की. ‘ही नको, ती आणू’ करत वर्षात चार मावशी बदलणाऱ्या घरांनी इथे जरा थांबावं.

आता मला सगळ्यात थक्क करणाऱ्या गोष्टीकडे येते.

बाळ एक वर्षाचं झालं, की जे त्याला ठाऊक नाही ते दुसऱ्याच्या चेहऱ्यावर वाचतं. १९८५ साली जेम्स सोर्स आणि सहकाऱ्यांनी काचेचं टेबल घेतलं. काचेखाली मध्येच फूटभर खोल पायरी दिसेल अशी रचना. बाळ काचेवर रांगत कडेपर्यंत येतं, थबकतं आणि पलीकडे बसलेल्या आईकडे बघतं. आई हसली, तर १९ पैकी १४ बाळं काच ओलांडून गेली. आईनं घाबरा चेहरा केला, तेव्हा १७ पैकी एकही पुढे सरकलं नाही. एका चेहऱ्यावर जग ओलांडायचं की नाही ते ठरलं. आणि हा चेहरा आईचाच लागतो असंही नाही. आई खोलीत असतानाही बाळं एखाद्या हसऱ्या, ओळख झालेल्या माणसाच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधतात, हे त्याच गटानं पुढच्या वर्षी दाखवलं. त्याआधी, १९८३ मध्ये, फाइनमन आणि लुइस यांनी दहा महिन्यांच्या बाळांना एका परक्या बाईशी भेटवलं होतं. आई बाळाशी त्या बाईबद्दल आनंदानं बोलली, तर बाळ तिच्याशी अधिक मोकळं वागलं.

हे तिन्ही प्रयोग घेऊन आपल्या घराच्या दारात उभं राहा. सकाळचे सव्वानऊ. मावशी येऊन चपला काढतायत. आईचा चेहरा घड्याळाकडे आणि आठ्यांनी भरलेला, ‘आजही उशीर!’ कडेवरचं बाळ आईचा चेहरा वाचतंय, मावशींचाही वाचतंय. त्याला बसचा घोळ कळत नाही, पगार कळत नाही. एवढंच कळतं, की या दारातून येणाऱ्या माणसाकडे बघून आपली आई कडक होते. पलीकडच्या घरात आई म्हणते, ‘कोण आलं? आपल्या मावशी आल्या!’ आणि बाळाच्या पायांना झोका मिळतो. उशिराबद्दल बोलूच नये असं नाही. जरूर बोलावं, बाळ झोपल्यावर किंवा फोनवर.

एका हातातून दुसऱ्या हाती जाण्याची ही वेळ नीट साधलेलं एक घर मी जवळून पाहिलं आहे. आई बॅग आवरता आवरता सांगत होती,

‘मावशी, रात्री दोनदा उठलाय. दात येतोय वाटतं.’

‘हिरडी पाहिली मी काल. खालून पांढरं दिसतंय. आज पेज करते गार करून, भात नको.’

‘चालेल. मी निघू गुपचूप? आत खेळतोय तोवर?’

‘नका जाऊ तसं. परवा गेलात तर दुपारपर्यंत दारापाशी जाऊन बसत होता. सांगून जा. रडला तर मी आहे की.’

चार वाक्यांत रात्रीचा अहवाल गेला, दिवसाचा बेत ठरला, आणि मावशींनी आईला एक असा सल्ला दिला, जो कुठलाही बालमानसतज्ज्ञ देईल. गुपचूप सटकलं की रडणं वाचतं, पण बाळ शिकतं, की आई कधीही, न सांगता नाहीशी होऊ शकते. मग ते खेळ टाकून दारावर पहारा करतं. सांगून, हात हलवून, लवकर निघून गेलेलं बरं. दहा मिनिटं ‘येते हं, येते हं’ करत दारात रेंगाळणं सगळ्यात वाईट. मला त्या संवादात जास्त आवडलं ते हे, की मावशींना ‘नका जाऊ तसं’ म्हणायची मुभा होती. बाळाबरोबर दिवसाचे नऊ तास काढणाऱ्या बाईला जे दिसतं, ते तिनं बोलावं अशी सोय घरात हवी. नाहीतर ती बघेल सगळं आणि सांगणार नाही.

मतभेद होणारच, आणि तेव्हा ही मुभा दोन्ही बाजूंनी लागते. मधाचं उदाहरण घ्या. गुटी उगाळून मधाचं बोट चाटवणं ही घरोघरची रीत. डॉक्टर म्हणतात, एक वर्षापर्यंत मध अजिबात नको. ‘आमच्या चार पोरांना चाटवला, कुणाला काय झालं?’ मावशी विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. याला ‘डॉक्टरांनी सांगितलंय’ हे उत्तर पुरत नाही. कारण सांगावं. मधात कधी कधी एका जिवाणूचे बीजाणू असतात. मोठ्या माणसाच्या आतड्यातले जंतू त्यांना रुजू देत नाहीत, बाळाचं आतडं अजून तेवढं वसलेलं नसतं. तिथे ते वाढून विष तयार करतात आणि बाळाचे स्नायू लुळे पडतात. क्वचित होतं, म्हणूनच चार पोरांना काही झालं नाही. पण होतं तेव्हा जिवावर बेततं. कारण कळलेली मावशी तुमच्या पाठीमागेही मध देणार नाही. नुसता हुकूम मिळालेली कदाचित देईल, आणि तेही प्रेमानंच.

तसंच अख्खे शेंगदाणे-फुटाणे लहान मुलांच्या हाती नकोत, श्वासनलिकेत अडकतात. हे शेजारी राहणाऱ्या आजीलाही सांगावं लागतं, फक्त मावशींना नव्हे.

आता भाषेची नवलाई. सिएटलच्या पॅट्रिशिया कुल यांनी २००३ मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना मँडरिन चिनी ऐकवली. काहींजवळ चिनी बोलणारं माणूस येऊन बसायचं, पुस्तकं दाखवायचं, खेळायचं. पंचवीस-पंचवीस मिनिटांच्या बारा बैठका, बस. त्या बाळांना चिनी ध्वनींमधले बारीक फरक कळू लागले, तैवानमधल्या बाळांसारखे. इतर बाळांना तीच माणसं, तेच बोलणं टीव्हीवर दाखवलं. त्यांना काहीही आलं नाही. शून्य. भाषा डोळ्यांत डोळे घालून येते, हे इतक्या स्वच्छपणे क्वचितच कुणी दाखवलं असेल.

बाणेर-खराडीच्या फ्लॅटमध्ये आईबाबांची मराठी इंग्रजीच्या कुबड्या घेऊन चालते, आणि बाळाशी दिवसभर अखंड मराठी बोलणारी व्यक्ती घरात एकच असते. लातूरकडच्या मावशींच्या हातचं मूल ‘लई’ म्हणतं. वऱ्हाडातल्या मावशींकडे वाढलेलं पोर पाहुण्यांसमोर ऐटीत जाहीर करतं, ‘मी जेवून राहिलो!’ आजोबांच्या कपाळाला आठी पडते. माझं स्पष्ट मत आहे, की हसावं आणि सोडून द्यावं. शाळा आणि टीव्ही मिळून ती वळणं पुढे हवी तेवढी घासून गुळगुळीत करतातच. पण ‘मावशी, त्याच्याशी शुद्ध बोला हं’ असं दोनदा म्हटलं, की मावशी सांभाळून बोलू लागतात, मग कमी बोलतात, मग मोबाइलवर गाणी लावून देतात. आणि मोबाइलमधून काय येतं ते कुल यांच्या टीव्हीनं आपल्याला सांगितलंच आहे.

मोबाइलवरून कॅमेऱ्याकडे. घरात कॅमेरा लावावा का, हा हल्ली प्रत्येक आईबापांच्या गटातला वाद. लावायचाच असेल तर सांगून लावावा, लपवून नव्हे. कागदपत्रं पाहणं, पोलिसांकडे नोंद, आधीच्या घरी फोन, हे सगळं करावंच, त्यात संकोच कसला. पण कॅमेऱ्यातून दिसतं ते बाळ पडलं नाही, मार बसला नाही एवढं. गनारबाईंच्या प्रयोगातल्या त्या दोन बायकांमधला फरक ऑफिसच्या खुर्चीतून, फोनच्या बोटभर पडद्यावर दिसेल का? पहिली बाईही कॅमेऱ्यात निर्दोषच दिसली असती.

तो फरक कशानं पडतो, याचं एक रोकडं उत्तर आहे. १९८९ साली अमेरिकेतल्या पाच शहरांमधल्या पाळणाघरांची मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. मुलांची निगा चांगली की वाईट हे सांगणाऱ्या गोष्टींत सांभाळणाऱ्यांचा पगार अगदी वरच्या क्रमांकावर निघाला. पगार कमी तिथे माणसं टिकत नव्हती, आणि जिथे माणसं टिकत नव्हती तिथली मुलं भाषेत आणि इतरांशी मिसळण्यात मागे होती. पैशाचा हिशेब असा थेट बाळाच्या बोबड्या बोलांपर्यंत जाऊन पोचतो.

मावशींचा दिवस जरा उलगडून पाहिला की यात नवल वाटत नाही. पहाटे स्वतःच्या घरचा स्वयंपाक, पाणी, मग दोन बस. त्यांचं स्वतःचं धाकटं मूल गावाकडे आईपाशी नाहीतर वस्तीत शेजारणीपाशी. तुमची रजा कायद्यानं ठरलेली, त्यांना तो कायदा लागूच नाही. पुण्यात मोलकरणींनी १९८० साली संप केला, संघटना उभी केली, राज्यात २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. तरी आठवड्याची सुट्टी आजही बहुतेक घरांत ‘बघू, या रविवारी जमतंय का’ यावरच. जिला पोटभर झोप नाही, घरून आलेल्या फोननं जिचा जीव टांगणीला लागलाय, ती बाळाला भरवेल, पुसेल, झोपवेल. त्याच्या प्रत्येक हुंकाराला हसून उत्तर द्यायला मात्र मन मोकळं लागतं. ठरलेली सुट्टी, ठरलेल्या तारखेला पगार, आजारपणात न कापलेला दिवस, बाळ झोपेल तेव्हा तिलाही पाठ टेकायची परवानगी. बाळासाठी महागड्या खेळण्यांच्या याद्या करणाऱ्यांनी ही यादी आधी करावी. आणि भांडी, केर, कपडे ‘जाता जाता’ तिच्या गळ्यात घालू नयेत, नाहीतर आपणच तिला प्रयोगातली पहिली बाई बनवतो. (गावाकडून बारा-तेरा वर्षांची पोर आणून बाळ सांभाळायला ठेवण्याचे प्रकार अजून कानावर येतात. चौदा वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवणं २००६ पासून गुन्हा आहे.)

संध्याकाळी पाचला एखाद्या सोसायटीच्या बागेत जाऊन बसा. बाकावर चार-पाच मावशी, समोर घसरगुंडी. एकीचं बाळ दुसरीनं उचललंय, तिसरी सगळ्यांना चुरमुरे देतेय, चौथी मोठ्यानं कुणाच्या तरी सासूची नक्कल करतेय आणि बाळं टकामका बघतायत. काही आयांना हे आवडत नाही, ‘गप्पा मारत बसतात’ म्हणून. मला तिथे इतुरीचं अरण्य दिसतं. बंद फ्लॅटमध्ये एकटी बाई आणि एकटं बाळ ही व्यवस्था माणसाच्या इतिहासात अगदी काल-परवाची आहे. दोघांनाही त्या बाकाची गरज असते.

राहिला मिनीचा प्रश्न. मावशी कधीतरी जाणारच. मूल शाळेत जाऊ लागतं, मावशींचा मुलगा दुसऱ्या गावी लागतो, गुडघे दुखायला लागतात. बहुतेक घरांत हे जाणं मुलाला सांगितलंच जात नाही, ‘लहान आहे, विसरेल’ म्हणून. अर्धं खरं आहे. मोठेपणी बहुतेकांना तीन-साडेतीन वर्षांआधीचं काहीही आठवत नाही. ज्या बाईनं हजारो घास भरवले तिचा चेहराही नाही. पण त्या वेळी, त्या आठवड्यात, ते मूल विसरलेलं नसतं. दीड वर्षाच्या मुलाला बोलता येतं त्याच्या कितीतरी पट कळतं. म्हणून चार-आठ दिवस आधी मावशींनीच त्याला सांगावं, त्यांच्या तोंडून, की आता मी माझ्या गावी जाणार. नवीन मावशी येणार असतील, तर काही दिवस दोघींनी मिळून काम करावं, म्हणजे हिची अंगाई तिच्या तोंडी येते, कुठल्या कुशीवर झोपतो ते हातोहात कळतं. एक फोटो फ्रिजवर लावावा, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर. दर थोड्या दिवसांनी फोन लावून द्यावा. व्हिडिओवरून नवी भाषा येत नसेल, पण ओळखीचं माणूस बाळ पडद्यावरही ओळखतं. आणि वाढदिवसाला बोलावलंत तर मावशी येतात, बहुधा स्वतःच्या मुलीला घेऊन, आणि केक कापताना मूल कुणाच्या कडेवर चढून बसेल ते काही सांगता येत नाही.